जमिनीला रंग द्यायचा, पण कसा?

स्वयंपाक करता करता ऐकत असाल, तर हात थांबवू नका, फक्त कान इकडे द्या. गटाच्या बैठकीत बसून ऐकत असाल, तर हिशेबाच्या वहीचं मागचं पान उघडा, दोन-चार आकडे लिहून घ्यायचे आहेत. आजचा विषय आपल्या पायाखालचा आहे. घरातला कोबा आणि त्याचा रंग.

आपल्या गावांमधून घरकुलं उभी राहिली. प्रधानमंत्री आवास योजनेतलं ग्रामीण घर किमान २५ चौरस मीटरचं असावं लागतं, म्हणजे साधारण २६९ चौरस फूट. भिंती होतात, छत पडतं, आणि जमिनीची वेळ येईपर्यंत हातातले पैसे संपलेले असतात. मग गवंडी राखाडी कोबा करून देतो आणि आपण म्हणतो, "राहू दे, पुढं बघू." त्या कोब्याची पुढं धूळ निघायला लागते. कितीही झाडा, पुन्हा पांढरट भुकटी. धान्य निवडायला बसलं की ती लुगड्याला लागते, पापड लाटायला बसलं की पोळपाटाखाली येते. घर नवरा-बायको दोघांच्या नावावर असतं, पण जमीन कशी करायची, हे मात्र बाईला कुणी विचारत नाही. झाडायची तिनं, पुसायची तिनं, तिच्यावर बसून काम करायचं तिनं.

आमच्या ग्रामसंघाच्या खोलीचा कोबाही असाच होता. तिथं मिरची-मसाल्याचं पॅकिंग चालतं, म्हणून धूळ मुळीच परवडणारी नव्हती. बैठकीत विषय निघाला. कुणी म्हणालं फरशी बसवू, कुणी म्हणालं ऑईलपेंट मारू. एका ताईंच्या मुलीनं मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. साध्या सिमेंटच्या जमिनीवर एक माणूस पंपानं पाणी मारल्यासारखं काहीतरी मारतो आणि थोड्या वेळानं ती जमीन संगमरवरासारखी तपकिरी, ढगाळ, चमकदार दिसू लागते. मुलगी म्हणाली, "हे ॲसिड आहे." लगेच दुसरी एक म्हणाली, "मग काय, संडास धुवायचं ॲसिड दुकानात मिळतंय की, दोन बाटल्या आणू!"

आम्ही तिथंच थांबलो आणि ठरवलं की आधी माहिती काढू, मग बोलू. काढलेली माहिती आज तुमच्यापुढं ठेवतो.

व्हिडिओत दिसणारी पद्धत खरी आहे. अमेरिकेसारख्या देशांत घरांना, दुकानांना, हॉटेलांना अशा जमिनी करतात. तिला ॲसिड स्टेन म्हणतात. पण तो रंगाचा हात नव्हे. सिमेंटमध्ये पाणी पडलं की ते घट्ट होताना त्यात चुना तयार होतो आणि तो कोब्यात राहतो. ॲसिड स्टेनच्या डब्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं आणि त्यात धातूंचे क्षार विरघळवलेले असतात. ॲसिड कोब्याचा वरचा पापुद्रा उघडतं, क्षार आत शिरतात, चुन्याशी त्यांचा संयोग होतो आणि रंग तयार होतो. लोखंडाच्या क्षारांनी तांबूस, तपकिरी छटा येतात, तांब्याच्या क्षारांनी निळसर हिरवट. रंग कोब्याच्या अंगातच तयार होतो, म्हणून त्याचे पोपडे निघत नाहीत. आणि प्रत्येक कोब्यात चुना कमी-जास्त असतो, म्हणून एकाच डब्यातून दोन खोल्या रंगवल्या तरी त्या सारख्या दिसत नाहीत. ज्याला हे आवडतं, त्याला फार आवडतं.

आता यातल्या अडचणी ऐका. नवीन कोबा असेल तर साधारण २८ दिवस होऊ द्यावे लागतात. जुना असेल तर त्यावर तेल, मेण, रंगाचा एक ठिपकाही चालत नाही. ठिपका राहिला की तेवढी जागा कोरी राहते. तुमच्या कोब्यावर पाणी शिंपडून बघा. पाणी शोषलं जाऊन जागा काळपट झाली, तर कोबा उघडा आहे. पाणी थेंबाथेंबानं वर बसलं, तर त्याच्या अंगात तेल आहे. आपल्या स्वयंपाकघरातला कोबा या परीक्षेत कसा उतरेल, हे सांगायला नको. शिवाय हा रंग काहीच झाकत नाही. भेग असेल तर ती उठून दिसते. जमिनीतून ओल येत असेल तर निळसर हिरवट छटा पुढं काळवंडू शकते. रंग चढल्यावर उरलेलं ॲसिड खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं मारावं लागतं, जमीन परत परत धुवावी लागते, वाळवावी लागते आणि वर सीलरचा थर द्यावा लागतो. तो थर वापरानं झिजतो आणि काही काळानं पुन्हा द्यावा लागतो. धुतलेलं पाणी परसात, विहिरीजवळ किंवा जनावरांच्या हौदाकडं जाऊ द्यायचं नसतं, कारण त्यात ॲसिडबरोबर धातूंचे क्षार असतात. म्हणजे हे काम शिकलेल्या, साधनं असलेल्या कारागिराचं आहे. व्हिडिओ बघून करायचं नाही.

आणि संडास धुवायच्या ॲसिडचं काय? त्यात ते रंग देणारे क्षार नसतातच. ते कोब्यावर ओतलं तर फसफसतं, वरचा चुना-सिमेंट खाऊन टाकतं आणि वाळूचे कण उघडे पडतात. जमीन खरबरीत होते आणि धूळ होती त्याहून जास्त निघायला लागते. वाफेनं खोलीतलं लोखंड गंजतं. शिलाई मशीन, पत्र्याची पेटी, वजनकाटा, काही सुटत नाही. पैसे गेले, रंग आला नाही आणि कोबाही गेला.

पण मैत्रिणींनो, कोब्यापेक्षा मोठी गोष्ट आपल्या डोळ्यांची, फुप्फुसांची आणि हातांची आहे. संडासासाठी, टाक्यांसाठी, डाग काढायला हे ॲसिड आपल्या घरात येतंच. आमच्या एका गटातल्या ताईंनी संडास लवकर स्वच्छ व्हावा म्हणून आधी ब्लीचिंग पावडर टाकली आणि वरून ॲसिड ओतलं. दार लोटलेलं होतं. क्षणात घसा आवळला, डोळ्यांतून पाणी, श्वास घेता येईना. शेजारणीनं ओढून बाहेर काढलं म्हणून वाचल्या. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली की क्लोरीन नावाचा विषारी वायू तयार होतो. जास्त वापरलं की जास्त स्वच्छ होतं, असं इथं नाही. म्हणून वहीत पहिली ओळ लिहा: ॲसिड आणि ब्लीचिंग कधीही एकत्र नाही. एक वापरून झालं की लगेच त्यावर दुसरंही नाही.

दुसरी ओळ: ॲसिड पातळ करायचं असेल तर आधी बादलीत पाणी घ्यायचं, मग त्यात हळूहळू ॲसिड. ॲसिडवर पाणी ओतायचं नाही, ते उसळून तोंडावर येतं. बादली प्लास्टिकची हवी. हातात रबरी मोजे, डोळ्यांवर बंद चष्मा, पायात बूट, दारं-खिडक्या उघड्या. तोंडावर पदर बांधला म्हणजे वाफ अडली, असं समजू नका. पदरातून वाफ जाते.

तिसरी ओळ: ॲसिड पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरून ठेवायचं नाही. लेकरू तहानेनं कोणती बाटली तोंडाला लावेल, सांगता येत नाही.

चौथी ओळ अपघात झाला तर काय करायचं, याची. अंगावर उडालं तर भिजलेले कपडे लगेच काढा आणि वाहत्या पाण्याखाली निदान २० मिनिटं धुवा. डोळ्यांत गेलं तर पापण्या उघड्या धरून तसंच पाणी सोडत राहा. हळद, टूथपेस्ट, चुना, सोडा यातलं काहीही जखमेवर लावू नका. सोडा जमिनीसाठी आहे, कातडीसाठी नाही. पोटात गेलं असेल तर उलटी करवू नका, वर येताना ते पुन्हा भाजत येतं. १०८ ला फोन लावा आणि बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठा.

आणखी एक गोष्ट. लक्ष्मी अगरवाल या मुलीवर ॲसिड फेकलं गेलं होतं. ती न्यायालयात गेली, आणि तिच्या याचिकेवर २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिले. दुकानदारानं नोंदवही ठेवली पाहिजे, घेणाऱ्याचं ओळखपत्र बघितलं पाहिजे, कशासाठी हवं ते लिहून घेतलं पाहिजे आणि १८ वर्षांखालच्या कुणालाही ॲसिड देता कामा नये. तेव्हा गावातल्या दुकानात पोरांच्या हाती सुटी बाटली दिली जात असेल, तर तो विषय ग्रामसभेत मांडायचा आपल्याला हक्क आहे. एकटीनं बोलायला अवघड वाटेल, म्हणून गटानं जा. आम्ही तसंच गेलो.

मग कोब्याला रंग द्यायचाच नाही का? द्यायचा! पण कोबा वाळल्यावर ॲसिडनं नव्हे, तर कोबा ओला असताना, त्याच्या मिश्रणातूनच. ही पद्धत आपल्याकडची, ओळखीची आहे. गोव्यात, तळकोकणात जुन्या घरांमधून लालभडक, आरशासारखी जमीन तुम्ही पाहिली असेल. वर्षानुवर्षं पाय लागून ती आणखी गुळगुळीत होते. तो रेड ऑक्साईडचा कोबा. आणि रेड ऑक्साईड म्हणजे परकं काही नाही, ते लोखंडाचं ऑक्साईड. तुळशी वृंदावनाला लावतो त्या गेरूला लाल करणारं द्रव्य तेच. मात्र गेरू कोब्यात मिसळू नका, त्यात माती असते आणि मातीनं सिमेंट कमजोर होतं. हार्डवेअरच्या दुकानात सिमेंटसाठीचा ऑक्साईड मागा. लाल, पिवळा, काळा, हिरवा असे रंग मिळतात. घेताना एकच विचारा: "चुन्यात टिकतो का?" सगळेच रंग सिमेंटच्या चुन्यापुढं टिकत नाहीत.

आता आकडा लिहा. सिमेंटच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त ऑक्साईड नको. म्हणजे ५० किलोच्या एका पोत्याला जास्तीत जास्त ५ किलो. गडद हवा म्हणून आणखी ओतला तर थर कच्चा राहतो आणि तळपाय लाल होतात. दुसरी गोष्ट म्हणजे एका खोलीला लागणारं सगळं सिमेंट आणि ऑक्साईड कोरडंच, एकाच वेळी चाळून मिसळून ठेवा. थोडं आज, थोडं उद्या असं मिसळलं की जमिनीवर ढग दिसतात.

जुन्या कोब्यावर करायचं असेल तर आधी काठीनं ठोकून बघा. जिथं पोकळ आवाज येईल, तिथला कोबा सुटलेला आहे, तो उकरून काढा. बाकीच्या कोब्याला छिन्नीनं टाचे मारून तो खरबरीत करा, स्वच्छ धुवा, रात्रभर ओला ठेवा आणि सिमेंटच्या दाट पाण्याचा हात देऊनच नवा थर टाका. नाही तर नवा थर जुन्याला धरत नाही. नव्या थरानं जमिनीची उंची वाढते, म्हणून दार घासणार नाही ना, पाण्याचा ढाळ मोरीकडं राहतो ना, हे आधीच मोजून घ्या.

मोठी खोली एकसंध करू नका. काचेच्या पट्ट्या उभ्या बसवून तिचे चौकोन पाडा, म्हणजे भेगा कमी येतात. थर अंगठ्यानं दाबल्यावर जेमतेम ठसा उमटेल इतका आवळला की लोखंडी थापीनं घोटायला घ्यायचं. वर पाणी सुटलं म्हणून त्यावर कोरडं सिमेंट भुरभुरू देऊ नका. गवंडी घाईत तसं करतात, पण तोच पापुद्रा पुढं निघतो. दुसऱ्या दिवसापासून निदान ७ दिवस, जमलं तर १०, जमीन ओली राहिली पाहिजे. त्यासाठी रंग न जाणाऱ्या जुन्या सुती साड्या भिजवून अंथरा. गोणपाटाचे डाग पडतात. तेवढे दिवस खाट ओढायची नाही, पोरांना नाचू द्यायचं नाही. पूर्ण वाळल्यावर मेणाचा किंवा खोबरेल तेलाचा हलका हात दिला की तेज येतं. पण मोरीत, पायरीवर आणि उंबऱ्याबाहेर इतकं गुळगुळीत करू नका. घरात म्हातारं माणूस असतं, पोटुशी सून असते. तिथं रंग द्या, चकाकी नको.

एवढं ऐकल्यावर तुमच्या लक्षात आलं असेल की यातलं अर्धं काम आपल्याला येतंच. ज्या हातांनी शेणाचं सारवण करताना कुठं ओल आहे, कुठं हात जड पडला हे ओळखलं, त्यांना ओला थर कधी घोटायचा हे समजायला वेळ लागत नाही. तरी बांधकामावर बाई पाट्या उचलते आणि थापी पुरुषाच्या हातात असते. मजुरीतला फरक तिथूनच सुरू होतो. आमच्या खोलीचं काम काढलं तेव्हा आम्ही गवंडीदादांना एक अट घातली. मजुरी पूर्ण देऊ, पण आमच्या तिघीजणी थापी धरतील आणि तुम्ही शिकवायचं. आधी ते हसले. शेवटचे दोन चौकोन त्या तिघींनी घोटले. आता कुठला चौकोन कुणाचा, हे ते स्वतःही ओळखत नाहीत.

या कामातही काळजी आहेच. ओलं सिमेंट कातडी भाजतं, आणि भाजताना कळत नाही. आमच्यातल्या एक ताई बिगारी कामाला जातात. त्यांच्या पायाच्या बोटांमध्ये कायम जखमा असायच्या. त्या म्हणायच्या, "चिखल्या झाल्यात." त्या चिखल्या नव्हत्या, ओल्या सिमेंटमध्ये दिवसभर अनवाणी उभं राहिल्याच्या त्या जखमा होत्या. गटानं गमबूट आणि रबरी मोज्यांच्या तीन जोड्या घेतल्या आणि त्या गटाच्या मालकीच्या ठेवल्या. जिला काम असेल, ती वापरते आणि धुऊन परत करते. कोरडा ऑक्साईड चाळताना नाका-तोंडावर मास्क बांधायचा, तोही त्यांच्यासोबतच ठेवला आहे.

आमची खोली लाल झाली, कडेनं काळी पट्टी. दाराजवळ एक बारीक भेग आली आहे. कोबा म्हटलं की एखादी भेग यायचीच. पण मसाल्याच्या पाकिटांवर धूळ बसत नाही आणि पुसायला निम्मा वेळ लागतो.

तेव्हा तुमच्या घरचा किंवा गटाचा कोबा व्हायचा असेल, तर पहिली पाटी पडायच्या आधी गवंड्याला चार गोष्टी विचारा. ऑक्साईड किती आणि कधी मिसळणार? चौकोन किती पाडणार? कोरडं सिमेंट भुरभुरणार नाही ना? आणि पाणी किती दिवस मारायचं? चारही उत्तरं वहीत लिहून घ्या आणि मगच उचल द्या. जुना कोबा ॲसिडनं चमकवून देतो असं म्हणत कुणी दारात आला, तर त्याला त्याची साधनं दाखवायला सांगा आणि धुतलेलं पाणी कुठं सोडणार ते विचारा. उत्तर नसेल तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

पुढच्या बैठकीत गटात एवढं एकच काम करा. प्रत्येकीच्या घरात ॲसिडची बाटली कुठं ठेवली आहे, ते एकमेकींना सांगा. जिची बाटली लेकरांच्या हाताला लागेल अशा जागी असेल, तिनं त्याच संध्याकाळी ती हलवायची. रंगाचं काम पैसे जमले की होईल. हे काम फुकट आहे आणि आजच होतं.